तिसऱ्या ओळीतला शब्द

अप्पा, तुमचा तो चष्मेवाला निवेदक गेला. आजच्या पेपरात आतल्या पानावर दोन बोटांएवढी बातमी होती. वर जुना फोटो, खाली 'ज्येष्ठ निवेदक' एवढंच, आणि कार्यक्रमाचं नाव तेही चुकीचं छापलेलं. पेपर हातात धरून मी घरभर बघितलं, कुणाला सांगावं म्हणून. यांना सांगितलं, तर यांनी डोळे माझ्याकडे वळवले आणि परत पंख्याकडे नेले. लेकीला पुण्याला फोन लावला, ती म्हणाली, "कोण गं, आई? मी ओळखते का?" मग लक्षात आलं, की हे दुःख सांगायला मला जगात एकच माणूस होता आणि तो जाऊन सत्तावीस वर्षं झाली. म्हणून लेकीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून बसले आहे.

मी नांदेडलाच आहे. यांना अर्धांगवायू झाला त्याला सहा वर्षं झाली. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. दोन खोल्यांचं घर, तेही तिसऱ्या मजल्यावर. सकाळी एक बाई येते, ती असते तेवढ्या पाऊण तासात मी भाजी, औषधं, सगळं आणते आणि जिने चढून परत येते. त्यापलीकडे मी कुठे जात नाही. गोदावरी इथून चालत वीस मिनिटांवर आहे, ती पाहून मला दोन वर्षं झाली असतील. तक्रार म्हणून सांगत नाही. तुम्हाला बंद खोलीतला माणूस कळायचा म्हणून सांगते. लेकीनं मागच्या दिवाळीत मोबाइलवर तो आपला कार्यक्रम शोधून दिला. कुणीतरी जुने भाग साठवून ठेवले होते ते टाकलेत. चित्र तसंच मुंग्या आल्यासारखं, आवाज तसाच खोल विहिरीतून आल्यासारखा. दुपारी यांना भरवून झालं, की मी मोबाइल उशीला टेकवून ठेवते आणि आम्ही दोघं बघतो. तो माणूस झोळी अडकवून गड चढतो, त्याला धाप लागते, ती धापही तशीच ठेवलेली. मधेच थांबून एका दगडावर हात ठेवतो आणि कॅमेरा त्या दगडावरून हलतच नाही. आताचे लोक एवढा वेळ कुणाच्या तोंडाकडेही बघत नाहीत. सगळे भाग मी चाळले. आपला भाग त्यात नाही. मुंबईला टीव्हीवाल्यांना पत्र टाकून विचारलं, उत्तर आलं, की त्या काळातल्या पुष्कळ फिती पुसून पुन्हा वापरल्या जायच्या, त्यात गेला असावा. म्हणजे आता तो भाग फक्त माझ्याकडे उरला, आणि माझ्याकडे जसा आहे तसा तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं त्याला तीन-चार वर्षं झाली होती. नवी ऑफिसं आली, साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या, मग टीव्हीचा टॉवर आला. पाऊस मात्र आला नाही. आपलं भांड्यांचं दुकान गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत. दुष्काळ पडला तसं दुकान चालायला लागलं. ज्याच्या घरात दोन घागरी होत्या त्याला चार लागू लागल्या, टँकर येईल तेव्हा भरून ठेवायला. खेड्यांतल्या बाया हंडा उलटा करून, बोटानं टिचक्या मारून, कुठे पाझरतो का ते बघून न्यायच्या. तुम्ही कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचात आणि गिऱ्हाईक जास्त असलं की तुमचा चेहरा पडायचा. एकदा जेवताना अव्वाला म्हणालात, "लोकांचे नळ सुकले की आपलं दुकान भरतंय. हे काय बरं लक्षण न्हाई." त्याच उन्हाळ्यात तुम्ही टीव्ही आणलात. गल्लीतला पहिला. का आणलात ते कुणाला सांगितलं नाही, पण मला वाटतं, संध्याकाळी तुम्हाला बघायला दुसरं काहीतरी पाहिजे होतं.

आठवड्यातून एकदा अर्धा तास तो कार्यक्रम लागायचा. गड, लेणी, ताम्रपट, जुन्या जत्रा, कुठल्या गावच्या विणकरांचं, कुठल्या घाटावरच्या लेखाचं. आपल्या घरी त्याला 'किल्ल्याचं' म्हणायचे. लेणी दाखवली तरी किल्ल्याचंच. त्या दिवशी तुम्ही दुकान लवकर बंद करायचात. मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची, तुम्ही खालून ओरडायचात, "आलं, आलं... गेलं." आणि मग तो अर्धा तास तुम्ही माझ्याशी बोलायचात. एरवी तुमचं माझ्याशी बोलणं म्हणजे पाणी दे, दार लाव, आत जा. पण पडद्यावर तटबंदी आली, की तुम्ही माझ्याकडे वळून विचारायचात, "हा दगड कुठून आणला असंल गं एवढा?" जशी काही मला माहिती असणार. आणि मी पुढच्या वेळेपर्यंत कुठून तरी माहिती काढायचीच, शाळेच्या पुस्तकातून, मोठ्या बाईंकडून. तुम्ही वडील गेल्यावर आठवीत शाळा सोडून दुकानात बसलात. उदगीरचा किल्ला आपल्यापासून एवढासा, तोही तुम्ही आतून पाहिला नव्हता. अमावास्येला दुकान बंद असायचं, त्या दिवशी देव आणि नातेवाईक. मला तेव्हा ते कळत नव्हतं. मला वाटायचं, की कोंडलेली मीच आहे.

कारण त्याच वर्षी मी दहावी झाले होते, चांगल्या मार्कांनी, आणि कॉलेजचा फॉर्म तुम्ही सहीशिवाय परत दिला होतात. ओरडला नाहीत. घागरी पुसत पुसत म्हणालात, "शिकलीस तेवढं बास झालं. नांदेडचे पाव्हणे इचारायलेत." मी आत गेले. आतली खोली म्हणजे भांड्यांच्या पेट्या, गवताचा भुसा, एक खिडकी, आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. त्या वर्षभर मी त्या भिंतीचे दगड मोजले असतील. बाहेर जायचं तर अव्वाबरोबर, मठात किंवा लग्नात. आठवड्यातला तो अर्धा तास सोडला तर मी कुठे म्हणून गेले नाही, आणि त्या अर्ध्या तासात मी तुमच्या शेजारी बसून सगळा महाराष्ट्र हिंडले. तुमच्यावरचा माझा राग आणि तुमच्यावरचं माझं प्रेम एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसलेलं असायचं, हे तुम्हाला कधी कळलं का?

पुढच्या वर्षी एप्रिलात अव्वा मला घेऊन तिच्या माहेरी, माझ्या आजोळी गेली. देवणीच्या पुढचं ते गाव, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. सगळ्या विहिरी आटल्या होत्या, गावाबाहेरच्या जुन्या बारवेत तेवढं तळाला पाणी. बाया पायऱ्या उतरून रांगेनं बसायच्या आणि वाटीनं घागर भरायच्या. बौद्धवाड्यातल्या बाया समोरच्या पायऱ्यांनी उतरायच्या. पाणी खाली एकच होतं, पायऱ्या मात्र त्याही वर्षी वेगळ्याच राहिल्या. कुणाच्याही आठवणीत पाणी एवढं खाली गेलं नव्हतं. नंबर यायची वाट बघत मी सगळ्यात खालच्या टप्प्यावर बसले होते, तर हाताला दगडावर खाचा लागल्या. शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते, ते नखानं काढले. खाली अक्षरं. पाच ओळी.

ठसा कसा घेतात ते मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. आपण दोघांनी तो भाग बघितला होता. दुसऱ्या दिवशी मी तव्याची काजळी खरवडून तेलात कालवली, मामाच्या घरातला पातळ कागद घेतला आणि बारवेत उतरले. कागद ओला करून दगडावर बसवायला तांब्याभर पाणी लागलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "प्यायला पानी न्हाई अन् ही पोरगी कागद भिजवायली. हिला कुणी वळण लावलं का न्हाई?" मला फार लाज वाटली, पण हात थांबला नाही. कागद वाळून निघाला तेव्हा तीच म्हातारी जवळ येऊन बघत बसली. "काय लिव्हलंय?" मला ते वाचता येत नव्हतं. गावात बिदरकडचे एक म्हातारे स्वामी होते, त्यांना जुनी कन्नड पोथी वाचता यायची. त्यांनी तीन दिवस लावून एकेक अक्षर लावलं, माझ्या आजीनं त्याचा अर्थ सांगितला, मी वहीत उतरवून घेतलं. कुणा अधिकाऱ्यानं बारव दुरुस्त केली, आणि दरवर्षी उन्हाळ्यात तिच्यातला गाळ काढील त्याला तिच्या पाण्यावर भिजणारी बागेची जमीन दिली. हे दान मोडील त्याला पाप. एवढंच होतं. 'हूळ' म्हणजे गाळ, हे मी आजीकडून तेव्हा शिकले. 'हू' म्हणजे फूल हे तर आधीच येत होतं.

त्या कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांची पत्रं वाचायचे. मी मामाच्या गावाहून पत्र टाकलं, ठशाची नक्कल काढून त्यात घातली, अर्थ तेवढा लिहिला नाही, आणि पत्ता लातूरचा दिला. तुम्हाला सांगितलं नाही. महिन्याभरानं एका संध्याकाळी आपल्या खोलीत नेहमीप्रमाणे गल्लीतली वीस-पंचवीस माणसं बसलेली, तुम्ही मधोमध, मी दाराशी. निवेदकानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "लातूरहून कुमारी..." आणि माझं नाव घेतलं. माझं, तुमचं, आडनाव, सगळं. मग म्हणाला, की या मुलीनं आमच्या भल्याभल्यांना जमलं नसतं असं काम केलं आहे. सगळे आधी तुमच्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. जन्मात पहिल्यांदा माझं नाव माझ्याआधी कुठेतरी जाऊन आलं होतं.

माणसं गेल्यावर तुम्ही टीव्हीवर कापड टाकलंत आणि म्हणालात, "चारचौघांत पोरीचं नाव निघालं. उद्या पाव्हणे इचारतील, तुमची पोरगी टीव्हीवाल्यांना चिठ्ठ्या लिहिती का म्हणून. काय सांगू?"

मी म्हटलं, "ठसा घेतला म्हणून सांगा."

"तोंड चालवू नको."

एवढाच बोल लावलात. हात कधी उगारला नाहीत, त्या दिवशीही नाही. आठ दिवसांनी त्यांचं पाकीट आलं, माझ्या नावाचं. ते तुम्ही दुकानात फोडलंत. ते लोक चित्रीकरणाला येणार होते, सोबत लेख वाचणारे एक जाणकार, आणि मी बारवेपाशी हजर राहावं अशी विनंती होती. पत्र तुम्ही मला वाचायला दिलंत. लपवलं नाहीत, हे मला सांगायलाच पाहिजे. मी वाचून होईपर्यंत उभे राहिलात आणि मग म्हणालात, "मी जातो. तू न्हाई जायचं. पण त्यांना काय सांगायचं ते मला शिकव."

मी तेव्हा नाही म्हणू शकले असते. म्हटलं असतं, तर तुम्ही गेला नसतात, ते लोक आले नसते, आणि तो दगड पुढच्या पावसात परत पाण्याखाली गेला असता. मला तो दगड टीव्हीवर बघायचा होता. म्हणून तीन संध्याकाळी तुम्ही आणि मी सतरंजीवर समोरासमोर बसलो. वही माझ्या मांडीवर. तुम्ही काय विद्यार्थी होतात, अप्पा. मांडी घालून, पाठ ताठ, बोट अक्षराखाली ठेवून. एखादं अक्षर चुकलं की स्वतःच्या कानाला हात लावायचात. पहिल्या संध्याकाळी पहिली ओळ आली तेव्हा तुम्ही हसलात, आणि म्हणालात, "आठवीतच सुटलं बघ सगळं. न्हाईतर मला लई आवड होती." आवड असून सुटण्याचं दुःख ज्याला ठाऊक होतं, त्याच माणसानं माझा फॉर्म कोरा परत दिला होता. ते वाक्य तुम्ही बोलला नसतात, तर मी पुढचं केलं नसतं असं मला वाटतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिसरी ओळ आली. तुम्ही विचारलंत, "जमीन कशासाठी दिली?"

मी म्हटलं, "फुलांसाठी. महादेवाला रोज फुलं वाहायची, त्याच्या बागेसाठी."

तुमचा चेहरा उजळला. "व्वा," म्हणालात. "फुलांसाठी जमीन."

स्वयंपाकघरातून अव्वा पिठाच्या हातानं दाराशी आली. तिचं माहेर ते, तिची निम्मी भाषा ती. ती म्हणाली, "हूळ हाय का हू हाय, ते नीट बघून सांग त्यांना."

मी म्हटलं, "हू."

तिनं एकदा माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं आणि परत भाकरी थापायला गेली. मी तुम्हाला दुसऱ्यांदा सांगितलं, फूल. तिसऱ्या संध्याकाळी उजळणी घेतली तेव्हाही सांगितलं. माझी चूक झाली नव्हती, अप्पा. वहीत 'गाळ' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, त्यावर मी अंगठा ठेवून बसले होते.

तुम्ही गेलात, नवं धोतर नेसून, टोपी घालून. आम्ही दोघी घरी. परत आलात तेव्हा फार बोलला नाहीत, बरं झालं म्हणालात आणि आंघोळीला गेलात. पुढे काही आठवड्यांनी तो भाग लागला. त्या दिवशी आपल्या खोलीत जागा नव्हती, माणसं पायऱ्यांवर बसली होती. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. पडद्यावर बारव आली, त्या रिकाम्या पायऱ्या, वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया, आणि मग तुम्ही. केवढेसे दिसत होतात. निवेदकानं विचारलं, गावात याचा काय अर्थ सांगतात? तुम्ही बोट अक्षराखाली ठेवलंत, अगदी मी शिकवलं तसं, आणि म्हणालात, "महादेवाच्या फुलांसाठी जमीन दिली, असं लिहिलंय." त्या जाणकारांनी वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "फुलं नव्हेत. हा गाळ आहे. दरवर्षी गाळ काढणाऱ्यासाठी जमीन." इकडे आपल्या खोलीत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पडद्यावर तुम्ही खाली बघितलंत. मला वाटलं, आता सांगाल, की मला पोरीनं असं शिकवलं. तुम्ही म्हणालात, "मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली. सांगणाऱ्यानं बरोबरच सांगितलं असंल."

निवेदकानं विचारलं, "सांगणारं कोण? ज्यांनी पत्र लिहिलं त्या?"

तुम्ही म्हणालात, "घरातलंच हाय."

तेवढंच. नाव घेतलं नाहीत. मी ट्रे खाली ठेवला. खोलीत तुम्ही पाठमोरे बसला होतात, मागे वळून पाहिलं नाहीत. अव्वा माझ्या शेजारी होती. तिनं ट्रे उचलला आणि चहा स्वतः वाटला.

पुढे वर्षभर लोकांनी तुमची चेष्टा केली. हंडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही विचारायचं, "अप्पा, इहिरीत फुलं आली का?" आणि तुम्ही हसायचात. पण आणखी एक झालं, तेही मला लिहिलंच पाहिजे. तुम्ही चुकलात म्हणून ते जाणकार त्या शब्दावर थांबले. कॅमेराही थांबला. गाळ, गाळ, असं त्यांनी तीनदा म्हटलं, आणि म्हणाले, की दगडावर लिहून ठेवलेली एवढी एक गोष्ट केली असती तर या बायांना वाटी घेऊन बसावं लागलं नसतं. ते कुठेतरी लागलं असावं. महिन्याभरात तालुक्याहून माणसं आली, बारवेचा गाळ काढायचं काम रोजगार हमीत धरलं. मामानं येऊन सांगितलं, की गाळ निघाल्यावर तळाचा झरा मोकळा झाला, हातभर पाणी वाढलं, आणि कागद भिजवला म्हणून मला बोलणाऱ्या त्या म्हातारीनं माझी आठवण काढली. मी बारवेपाशी उभी राहून बरोबर अर्थ सांगितला असता तर हे झालं असतं का, मला माहीत नाही. सतरा वर्षांच्या पोरीचं कौतुक झालं असतं. काम झालं असतं का?

नांदेडच्या पाहुण्यांनी काही विचारलं नाही. लग्न झालं. सासरी टीव्ही होता, पण तो मामंजींच्या खोलीत. सुनांनी तिथं बसायची रीत नव्हती. तो कार्यक्रम लागायचा तेव्हा मी भिंतीपलीकडे कणीक मळत असायची आणि तो धापेचा आवाज ऐकायची. तुम्हाला हे कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. पहिल्या दिवाळीनंतर तुमचं पहिलं कार्ड आलं. 'चि. मुलीस आशीर्वाद. या वेळी कंधारचा किल्ला दाखवला. खंदकात पाणी होते. तुला आवडले असते.' मग दर आठवड्याला एक कार्ड. कुठला गड, कुठलं लेणं, दगड काळा की तांबडा, निवेदकाची तब्येत कशी वाटली. तुमचं आठवीतलं अक्षर, एकेक वेलांटी जपून काढलेली. कार्डावर उघडं लिहिलेलं, ते आमच्या घरात सगळे वाचायचे आणि हसायचे, की व्याही लेकीला किल्ले पाठवतात. कार्यक्रम बंद होईपर्यंत, सात वर्षं तुम्ही ती लिहिलीत. मी उत्तरात खुशाली लिहायची, मुलीचे दात लिहायची, पाऊस लिहायची. तुम्ही का लिहिता हे मी कधी विचारलं नाही. फॉर्मवर न केलेली सही तुम्ही थोडी थोडी करून पाठवत होतात, असं मला कधी वाटायचं. आणि कधी वाटायचं, तसं काही नाही, तुम्हाला तो भाग कुणालातरी सांगितल्याशिवाय पूर्ण वाटत नसेल. मलाही आता वाटत नाही.

शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी लातूरला येऊन आठ दिवस राहिले. एका दुपारी अव्वा घरी गेली होती, आपण दोघंच होतो. तुम्ही एकदम म्हणालात, "त्या बारवेत आता किती पाणी असंल गं?" मी म्हटलं, "असेल पुष्कळ." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तेव्हा सांगायला जागा होती, वेळ होता. मी मोसंबी सोलली आणि तुम्हाला एकेक फोड दिली. तुम्हाला माहीत होतं का, अव्वानं कधी सांगितलं होतं का, हे मला आता कुणी सांगू शकत नाही. अव्वा जाऊनही अकरा वर्षं झाली.

यांची औषधाची वेळ झाली, उठायला पाहिजे. यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, मग खिडकी लावायची. हे पत्र मी वहीतच राहू देणार आहे. एवढंच लिहून थांबते: माझ्या लेकीला ती गोष्ट माहीत आहे. नातीला माहीत आहे, इथल्या शेजारणींनाही माहीत आहे. लेख मी शोधला, नाव माझं वाचलं गेलं आणि वडील मला घरी बसवून टीव्हीवर स्वतः गेले, असं मी सगळ्यांना सांगते. ऐकून त्या हळहळतात, तुम्हाला नावं ठेवतात, आणि मला ते बरं वाटतं. फुलांचं मी त्यातल्या एकीलाही सांगितलेलं नाही. आज लेकीनं पुन्हा फोन करून विचारलं, "आई, आजोबा टीव्हीवर आले होते तेव्हा नक्की काय म्हणाले होते गं?" मी म्हटलं, आता आठवत नाही.